एकट्याचें गाणें आणि मंडळीचें गाणें

नव्या मुंबईंत नेरूळ येथील डी. वाय. पाटील क्रीडांगणावर सन २०२५ च्या जानेवारी महिन्यांत, १८, १९ व २१ या तीन तारखांस, 'कोल्डप्ले' या इंग्रज वाद्यमंडळीचे जलसे झाले. तत्पूर्वीं १५ डिसेंबर २०१९ रोजीं त्याच जागीं 'यू टू' ही आयरिश मंडळी येऊन गेली होती. असा जलसा ऐकून रात्रीं उशिरां घरीं परतणाऱ्या मुलाला घरांतील वडील माणूस जो प्रश्न विचारतो तो बहुधा एकच असतो. "एवढा गलका झाला तो ठीक, पण त्यांत गवई कोणता आणि साथीदार कोणते?" प्रश्न थट्टेनें विचारलेला असला तरी तो मर्माचा आहे.

आपल्याकडील मैफलींत हा संशय कधीं पडत नाहीं. गवई मध्यें बसतो, तंबोरे त्याच्या मागें असतात, तबला आणि पेटी दोन बाजूंना. गाणें गवयाचें आणि साथ साथीदारांची ही वांटणी ठरलेली असते. रॉक नांवाच्या संगीतांत मात्र चार-पांच जण मिळून एक मंडळी करतात, तिला एक नांव देतात, आणि गाणें त्या नांवाचें होतें. मग त्यांतील गाणारा उद्यां एकटाच गाऊं लागला तर त्याचें काय होतें? मंडळीचें यश त्याच्या गळ्यामुळें होतें, कीं त्याच्या गळ्याचें यश मंडळीमुळें होतें?

या प्रश्नाचें उत्तर ज्याच्या चरित्रांत स्वच्छ सांपडतें असा एक गायक महाराष्ट्राला अगदींच परका नाहीं. नेरूळहून द्रुतगति मार्गानें पुणें, तेथून वाई, आणि पुढें पसरणीचा घाट चढून पांचगणी; या वाटेच्या अखेरीस त्याच्या बाळपणाचें गांव आहे. जगानें त्याला फ्रेडी मर्क्युरी या नांवानें ओळखलें. आईबापांनीं ठेवलेलें नांव फारोख बलसारा.

५ सप्टेंबर १९४६ रोजीं झांजिबार बेटावर एका पारशी कुटुंबांत त्याचा जन्म झाला. वडील बोमी बलसारा तेथील ब्रिटिश सरकारच्या नोकरींत रोखपाल होते. मुलाला चांगलें शिक्षण मिळावें म्हणून वयाच्या आठव्या वर्षीं त्याला समुद्रापलीकडे पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहांत पाठविण्यांत आलें. आईबाप हजारों कोस दूर, सुटींत जावयाचें तें मुंबईच्या नातलगांकडे, अशा स्थितींत तो पियानो शिकला. 'फ्रेडी' हें सुटसुटीत नांव त्याला शाळेंतल्या सोबत्यांनीं दिलें. सन १९५८ च्या सुमारास पांच विद्यार्थ्यांनीं 'द हेक्टिक्स' नांवाची एक मंडळी काढली आणि शाळेच्या समारंभांत ती इंग्रजी गाणीं वाजवूं लागली. लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, या मंडळींत फ्रेडी मुख्य गायक नव्हता. गाण्याचा मान दुसऱ्या मुलाकडे होता. फ्रेडी पियानोवर साथ करी. पुढें ज्याच्या आवाजानें मोठमोठीं क्रीडांगणें भरलीं, त्यानें पहिला धडा गिरविला तो साथीचा.

१९६३ सालीं तो झांजिबारला परतला. पुढील वर्षाच्या आरंभींच त्या बेटावर राज्यक्रांति झाली आणि बलसारा कुटुंबाला इंग्लंडचा आश्रय करावा लागला. लंडनजवळ ईलिंग येथील कलाशाळेंत त्यानें आरेखनाचें शिक्षण घेतलें. १९७० सालीं ब्रायन मे आणि रॉजर टेलर या दोघां तरुणांबरोबर त्यानें मंडळी स्थापन केली, तिला 'क्वीन' हें नांव दिलें, आणि स्वतःचें आडनांव बदलून मर्क्युरी असें केलें. १९७१ सालीं जॉन डीकन हा चवथा सहकारी येऊन मिळाला आणि मंडळी पुरी झाली.

हे चौघे कोण होते हें पाहिल्यावांचून पुढील कथेचें मर्म कळावयाचें नाहीं. मे हा खगोलशास्त्राचा विद्यार्थी. त्याची विद्युत्‌-गिटार त्यानें आपल्या वडिलांच्या मदतीनें घरींच बनविली होती, आणि तिच्या मानेसाठीं एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचें लांकूड वापरलें होतें. त्यामुळें तिचा नाद दुसऱ्या कोणत्याहि गिटारीसारखा नव्हता. टेलर नगारे वाजवी आणि त्याचा स्वतःचा आवाज फार उंच चढे. डीकन विद्युत्‌शास्त्र शिकलेला, मितभाषी, खर्जाची गिटार वाजविणारा. यांतील प्रत्येक जण गीतें रचीत असे. 'वुई आर द चॅम्पियन्स' हें मर्क्युरीचें, 'वुई विल रॉक यू' हें मेचें, 'अनदर वन बाइट्स द डस्ट' हें डीकनचें, आणि 'रेडिओ गा गा' हें टेलरचें. चौघांचींहि गीतें लोकप्रिय झालीं. म्हणजे ही एक गवई आणि तीन साथीदार अशी मंडळी नव्हती, तर चार कर्त्या भावांचें एकत्र कुटुंब होतें. आणि कर्त्या भावांच्या कुटुंबांत भांडणें होतात तशीं तीं येथेंहि होत. ध्वनिमुद्रणाच्या वेळीं एकेका सुरावरून आपसांत वाद होत असे, हें त्यांनीं स्वतःच वेळोवेळीं सांगितलें आहे.

या एकत्रपणाचें फळ म्हणजे १९७५ सालचें 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हें गीत. रचना संपूर्ण मर्क्युरीची. गाणें जवळजवळ सहा मिनिटांचें. तेव्हां लोकप्रिय गीत तीन-चार मिनिटांत संपावें असा बाजाराचा दंडक होता. त्याच्या मधल्या भागांत एखाद्या युरोपीय संगीतिकेंतल्याप्रमाणें मोठा गायकसमूह गात असल्याचा भास होतो. वस्तुतः तेथें समूह मुळींच नाहीं. मर्क्युरी, मे आणि टेलर या तिघांनींच तेच तेच सूर पुनःपुन्हा गाऊन, एका फितीवर दुसरें गायन चढवीत, तो समूह उभा केला. तिघांच्या गळ्यांची जात निराळी, म्हणून त्या आभासाला भरीवपणा आला. इंग्लंडच्या विक्रीच्या तक्त्यांत हें गीत सलग नऊ आठवडे अग्रस्थानीं राहिलें. कल्पना एकाची, परंतु ती सिद्धीस नेण्यास इतरांचे गळे व हात लागले, हें येथें ध्यानांत घ्यावयाचें.

आतां प्रश्न असा कीं, अशा मंडळींतल्या गायकाला एकट्यानें गावेंसें कां वाटावें? आपल्याकडे याला जुनें उदाहरण आहे. १९१३ सालीं बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे किर्लोस्कर नाटक मंडळींतून बाहेर पडले व त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली. ती उघड विभक्ति होती. चूल वेगळी झाली. मर्क्युरीची गोष्ट तशी नाहीं. २०१८ सालीं निघालेला 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हा चित्रपट ज्यांनीं पाहिला त्यांचा मात्र निराळा समज झालेला असतो. त्यांत असें दाखविलें आहे कीं, मर्क्युरीनें सहकाऱ्यांस न कळवितां स्वतंत्र करार केला, त्यामुळें मंडळी फुटली, आणि पुढें पश्चात्ताप होऊन तो परत आला. चित्रपट रंजक आहे, परंतु इतिहास तसा नाहीं. मंडळींतून प्रथम एकट्यानें ध्वनिमुद्रिका काढली ती टेलरनें. त्याचा पहिला स्वतंत्र गीतसंग्रह १९८१ सालीं निघाला. १९८३ सालीं मेनेंहि स्वतंत्र काम केलें. मर्क्युरी हा या वाटेवरचा पहिला नव्हे. शिवाय क्वीन मोडलीहि नव्हती. फेब्रुवारी १९८४ मध्यें तिचा 'द वर्क्स' हा संग्रह निघाला आणि १९८५ च्या मे महिन्यापर्यंत देशोदेशींचे तिचे दौरे चालूं होते. घर एकच राहिलें. फक्त एकेका भावानें फावल्या वेळांत आपला वेगळा उद्योग करून पाहिला.

मर्क्युरीचा पहिला स्वतंत्र प्रयत्न १९८४ सालचा. फ्रिट्झ लँग या जर्मन दिग्दर्शकाचा 'मेट्रोपोलिस' हा १९२७ सालचा मूकपट जॉर्जिओ मोरोडर या संगीतकारानें नव्यानें सजविला, त्यासाठीं 'लव्ह किल्स' हें गीत दोघांनीं मिळून केलें. इंग्लंडांत त्याला दहावें स्थान मिळालें. त्यानंतर २९ एप्रिल १९८५ रोजीं 'मिस्टर बॅड गाय' हा त्याचा स्वतंत्र संग्रह प्रसिद्ध झाला. म्युनिक शहरांत, क्वीनच्या कामांतून सवड काढीत, १९८३ पासून तो यावर खपत होता. अकराच्या अकरा गीतें त्याचीं एकट्याचीं. नाचाच्या तालाचीं, विद्युत्‌वाद्यांच्या लखलखाटाचीं, मध्येंच एखादें हळवें, अशीं हीं गीतें आहेत. संग्रहाच्या वेष्टनावर त्यानें आपल्या मांजरांना अर्पणपत्रिका वाहिली, आणि मे, टेलर व डीकन यांचे ढवळाढवळ न केल्याबद्दल आभार मानले.

हा विनोद होता. परंतु त्या संग्रहाचें बळ आणि उणीव हीं दोन्ही त्या विनोदांत आलेलीं आहेत. कोणी ढवळाढवळ केली नाहीं, म्हणून त्याला हवें तें करतां आलें. आणि कोणी ढवळाढवळ केली नाहीं, म्हणून कित्येक ठिकाणीं जें खटकावयास हवें होतें तें कोणालाच खटकलें नाहीं. आवाज तोच, किंबहुना तो त्या वेळीं ऐन भरांत होता. परंतु त्याच्या खालीं मेची गिटार नव्हती, वर चढणारा टेलरचा गळा नव्हता. भाड्यानें आणलेले वादक कुशल होते. तथापि सांगितलेलें चोख वाजविणें निराळें आणि 'हें असें नको' म्हणून हट्ट धरून बसणें निराळें. इंग्लंडांत संग्रहाला सहावें स्थान मिळालें, अमेरिकेंत मात्र पहिल्या शंभरांतहि तो आला नाहीं. त्यांतील 'लिव्हिंग ऑन माय ओन' हें गीत वेगळें काढून विक्रीस ठेवलें तेव्हां तें पन्नासाव्या स्थानापलीकडे गेलें नाहीं. संग्रह निघाल्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनीं, १३ जुलै १९८५ रोजीं, लंडनच्या वेम्बली क्रीडांगणावर इथिओपियांतील दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीं जलसा झाला. तेथें तोच मर्क्युरी आपल्या तिघां सोबत्यांसह सुमारें वीस मिनिटें गायला, आणि त्या दिवसाचें सारें श्रेय क्वीननें नेलें असें आजवर मानलें जातें.

येथें कथा संपली असती तर 'मंडळी हीच खरी' असा सोपा बोध काढून मोकळें होतां आलें असतें. परंतु मर्क्युरीनें एकटें गाणें सोडलें नाहीं. १९८७ च्या आरंभीं त्यानें 'द ग्रेट प्रिटेंडर' हें १९५५ सालचें जुनें गीत पुन्हा गाऊन चवथें स्थान मिळविलें. आणि त्याच वर्षीं त्यानें अशी एक गोष्ट हातीं घेतली कीं जी क्वीनमध्यें राहून करणें शक्यच नव्हतें.

स्पेनमधील बार्सेलोना शहराच्या मोन्सेरात काबाये या युरोपीय संगीतिकेंतल्या नामांकित गायिका. मर्क्युरी त्यांच्या आवाजाचा निस्सीम भक्त होता. मार्च १९८७ मध्यें दोघांची बार्सेलोनांत भेट झाली, तेव्हां त्यानें एक फीत बरोबर नेली होती. तीत शब्द नव्हते. पियानोच्या साथीवर काबाये बाईंच्या ढंगानें, स्त्रीसारख्या बारीक आवाजांत, त्यानें नुसती आलापी केली होती. बाईंना ती आवडली. त्या भेटींतून 'बार्सेलोना' हें गीत आणि पुढें त्याच नांवाचा संपूर्ण संग्रह निर्माण झाला. १९९२ सालचे ऑलिंपिक सामने त्या शहरांत व्हावयाचे हें १९८६ च्या ऑक्टोबरांतच ठरलें होतें, त्यामुळें त्या गीताला निमित्तहि चांगलें मिळालें.

हें काम किती अवघड होतें हें सांगावयास हवें. संगीतिकेंतल्या गायकाला ध्वनिक्षेपकाचें साह्य नसतें. भरल्या वाद्यवृंदावरून शेवटच्या रांगेपर्यंत पोंचेल असा नाद त्याला छाती, गळा आणि मस्तक यांतून निर्माण करावा लागतो. त्याचें सारें शिक्षण त्यासाठीं. रॉक गायकाचें तसें नाहीं. ध्वनिक्षेपक ओठांशीं असल्यामुळें तो कुजबुजूं शकतो, किंचाळूं शकतो, सुराला मुद्दाम खरखर देऊं शकतो. हे दोन आवाज शेजारीं ठेवले कीं एकानें दुसऱ्याला झांकावें हेंच बहुधा व्हावयाचें. मर्क्युरीनें आणि त्याचा सहकारी माइक मोरन यानें यावर युक्ति काढली ती अशी. गीताचा सांगाडा आधीं तयार करावयाचा, बाईंचा भागहि मर्क्युरीनें स्वतःच बारीक आवाजांत गाऊन फितीवर उतरावयाचा, आणि ती फीत त्यांच्याकडे पाठवावयाची. बाईंचे कार्यक्रम पुष्कळ आधीं ठरलेले असल्यामुळें त्यांना थोडकेच दिवस मिळत. त्या लंडनला येत आणि तयार नकाशावर आपला आवाज चढवून जात. १९८८ च्या ऑक्टोबरांत आठ गीतांचा हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 'हाउ कॅन आय गो ऑन' या गीतांत खर्जाची गिटार वाजविली आहे ती जॉन डीकननें. एकट्याच्या कामांतहि घरचा एक भाऊ हातभार लावावयास आला होता.

'मिस्टर बॅड गाय' आणि 'बार्सेलोना' यांत फरक पडला तो कोठें? पहिल्या वेळीं मर्क्युरी मंडळींतून बाहेर आला, परंतु जें मंडळींत तो करी तेंच, कांहींसें हलकें करून, त्यानें एकट्यानें केलें. दुसऱ्या वेळीं तो अशा वस्तूच्या शोधार्थ बाहेर पडला जी घरांत नव्हतीच. पहिल्या वेळीं त्याला विरोध करणारें कोणी नव्हतें. दुसऱ्या वेळीं समोर असा आवाज होता कीं ज्याच्या बरोबरीला उभें राहण्यासाठीं त्याला आपली सारी विद्या पणाला लावावी लागली. पांचगणीच्या शाळेंत साथ करणारा मुलगा येथें पुन्हा साथीदार झाला, आणि म्हणूनच गायक या नात्यानें तो अधिक मोठा दिसला.

यामागें काळाचीहि निकड होती. १९८७ च्या सुमारास त्याला एड्सच्या विषाणूची बाधा झाल्याचें निदान झालें. त्या काळीं या रोगावर उतार नव्हता. चित्रपटांत हें निदान वेम्बलीच्या जलशापूर्वीं झाल्याचें दाखविलें आहे, तें खरें नव्हे. ८ ऑक्टोबर १९८८ रोजीं बार्सेलोनांत स्पेनच्या राजाराणीसमक्ष मोठा समारंभ झाला. तेथें तो काबाये बाईंबरोबर रंगमंचावर उभा राहिला; गाणें मात्र आधीं मुद्रित केलेलें वाजविलें गेलें. गायक म्हणून लोकांपुढें तो उभा राहिला तो हा अखेरचाच मोठा प्रसंग. त्यानंतर तो आपल्या मंडळींत परतला आणि दौरे बंद ठेवून ध्वनिमुद्रणाच्या कामाला लागला. १९८९ सालच्या 'द मिरॅकल' या संग्रहापासून चौघांनीं एक नवी रीत पाडली. गीत कोणीहि रचलेलें असो, त्याखालीं नांव एकट्याचें न घालतां क्वीनचें घालावयाचें. वीस वर्षें ज्यावरून वाद झाले ती वांटणी अशी मिटली. १९९१ सालच्या 'इन्युएन्डो' या संग्रहांतहि तीच रीत पाळली आहे. २३ नोव्हेंबर १९९१ रोजीं आपल्या आजाराचें सत्य त्यानें जाहीर केलें, आणि दुसऱ्याच दिवशीं, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, लंडनच्या राहत्या घरीं तो वारला. त्याचे अंत्यसंस्कार पारशी धर्माप्रमाणें झाले.

त्याच्या पश्चात्‌ त्याच्या एकट्याच्या गाण्यांचें जें झालें तें मोठें बोधप्रद आहे. १९९२ सालीं ऑलिंपिकच्या वेळीं 'बार्सेलोना' हें गीत पुन्हा निघालें आणि इंग्लंडांत दुसऱ्या स्थानावर गेलें. १९९३ सालीं 'लिव्हिंग ऑन माय ओन' या पूर्वीं पडलेल्या गीताला इतर तंत्रज्ञांनीं नवा ताल आणि नवी वाद्यें दिलीं. तेंच गीत, तोच आवाज, आणि आतां स्थान पहिलें. नंतर १९९५ सालीं मे, टेलर व डीकन यांनीं 'मेड इन हेवन' हा संग्रह पुरा केला. त्यांत त्यांनीं 'मिस्टर बॅड गाय' मधील दोन गीतें घेतलीं. मर्क्युरीचें १९८५ सालचें गायन जसेंच्या तसें ठेवलें, खालचें सारें वादन काढून टाकलें, आणि तेथें आपलें वादन भरलें. तोहि संग्रह इंग्लंडांत अग्रस्थानीं गेला. पुढें २०१२ सालीं 'बार्सेलोना' मधील विद्युत्‌वाद्यांच्या जागीं खरा वाद्यवृंद घालून तो संग्रह नव्यानें काढण्यांत आला.

संगीतांत असा प्रयोग क्वचितच पाहावयास मिळतो. एकच कंठ, तेच शब्द, तोच श्वास. बदलली ती केवळ सोबत. ज्या घरांत तरुण मुलें आहेत तेथें हीं दोन्ही ध्वनिमुद्रणें मिळविणें आज मुळींच अवघड नाहीं. 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' हें गीत आधीं १९८५ चें आणि लगेच १९९५ चें असें पाठोपाठ ऐकावें. पहिल्यांत तो गळा झगमगत्या पण रित्या दिवाणखान्यांत गात आहे असें वाटतें. दुसऱ्यांत मेची गिटार त्याला मधूनमधून अडवते, डिवचते, आणि गाणें चढत जातें. गायक स्वतः तें ऐकावयास उरला नव्हता. नेरूळच्या जलशाहून परतलेल्या मुलाला वडिलांनीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर या दहा मिनिटांच्या ऐकण्यांत पुष्कळसें मिळेल. आणि तें उत्तर वडील व मुलगा यांनीं एकत्र बसून ऐकलें, तर दोघांनाहि एकमेकांच्या संगीताविषयीं विचारावयास आणखी कांहीं प्रश्न सांपडतील.